पाटकरांची हाय-डेफिनिशन शाल

आत्माराम पाटकरांना विडीकाडीचं व्यसन नव्हतं, बाटलीचं नव्हतं, पत्त्यांचं तर नावच नको. व्यसन होतं ते क्वालिटीचं. गिरगावच्या चाळीत असताना अख्खी चाळ भाड्याच्या व्हीएचएसवर सिनेमे बघायची, तेव्हा पाटकरांनी कर्ज काढून बेटामॅक्स आणला, कारण त्याचं चित्र जास्त स्वच्छ असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. चित्र खरंच स्वच्छ होतं. फक्त त्यात घालायची कॅसेट गिरगावात कोणाकडे मिळत नसे. मशीनबरोबर फुकट आलेली जपानी बागांची एक कॅसेट पाटकर कुटुंबाने वर्षानुवर्षं पाहिली. हंसाबाईंना त्या बागांमधले मासेसुद्धा ओळखू यायला लागले होते.

पुढे चाळ सुटली, मीरा रोडला वन बीएचके झाला, शेजारी गुजराती-मारवाडी आले, पाटकरांच्या बोलण्यात ‘अरे भाई’ आलं, पण क्वालिटी काही सुटली नाही. फोर्टातल्या विमा कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या मरणाचा हिशेब करून हा माणूस संध्याकाळी घरी यायचा आणि टीव्हीसमोर उभा राहून म्हणायचा, “ही काय क्लॅरिटी आहे?” हंसाबाई तोवर सिनेमा बघून मोकळ्या झालेल्या असत.

हंसाबाईंची सोय गुणवंतभाईंनी केली होती. गुणवंतभाई म्हणजे मीरा रोड-भाईंदर पट्ट्यातले केबलवाले. मोठी चॅनेलं तर ते देतच, शिवाय त्यांचं स्वतःचं एक घरगुती चॅनेल होतं. त्यावर ते सिनेमे लावायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा लावायचे, हरवलेल्या कुत्र्याचा फोटोही लावायचे. फोन करून सांगितलं की पाहिजे तो सिनेमा दुपारच्याला हजर. बायका भाजी निवडता निवडता फर्माईश करायच्या. पाटकरांना या प्रकाराची शिसारी होती. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे हिरवट, खाली सरकत जाणारी लग्नाच्या शूटिंगची जाहिरात, आणि मध्येच डिशवर कावळा बसला की अर्धा नायक गायब.

एकदा पाटकरांनी पेपरात वाचलं की परदेशात आता घरबसल्या मागाल तो सिनेमा मागाल तेव्हा दिसायला लागलाय. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, “आपल्याकडे हे यायला पन्नास वर्षं लागतील.” हंसाबाई तेव्हा आत फोनवर होत्या. “गुणवंतभाई, कालचा अर्धा राहिलाय, तिथूनच लावा हां,” असं त्यांचं चाललं होतं.

तर असे हे पाटकर, आणि त्यांच्या मुलीचं, नीलमचं, लग्न ठरलं दोन हजार सातच्या डिसेंबरात. ठरलं म्हणजे तिनेच ठरवलं. मुलगा सार्थक शिवलकर तिच्याच अंधेरीच्या ऑफिसातला. त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले. काकांनी, काशीनाथ शिवलकरांनी, त्याला स्वतःच्या मुलाबरोबर वाढवलेलं. माणसं मूळची रत्नागिरीकडची, आता भाईंदर पश्चिमेला स्थायिक. काशीनाथकाका गोदीत क्रेन चालवून रिटायर झालेले, बोलायला कमी, मानाला मोठे. बाकी सगळं जुळत होतं. घात केला तो त्यांच्या बोटीवरच्या मुलाने. त्याने सिंगापूरहून ब्ल्यू-रे प्लेअर आणून दिला होता.

त्या दिवसांत जगात सिनेमाच्या दोन नव्या तबकड्यांची लढाई जुंपली होती. एक ब्ल्यू-रे, दुसरी एचडी डीव्हीडी. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीच्या मशीनमध्ये दुसरी चालायची नाही. मोठमोठ्या कंपन्या या किंवा त्या बाजूला उभ्या होत्या, आणि एचडी डीव्हीडीच्या बाजूला मीरा रोडहून आत्माराम पाटकर उभे होते.

“नावातच एचडी आहे,” साखरपुड्याच्या पंक्तीत ते व्याह्यांना म्हणाले. “ब्ल्यू-रे म्हणजे काय? फिनाईलचं नाव वाटतं.”

“आमच्याकडे चालतंय बुवा चांगलं,” काशीनाथकाका म्हणाले आणि जिलबी वाढून घेतली.

एवढंच झालं. पण पाटकरांना ते लागलं. त्यांनी लगेच अमेरिकेतल्या भाच्याला, अभिनवला, फोन केला आणि लग्नाचं शूटिंग एचडीतच होणार, एचडी डीव्हीडीवरच चढणार, असा निर्णय देऊन टाकला. फोटोग्राफरला नवा कॅमेरा भाड्याने आणायला लावला. हॉलवाल्याला ज्यादा लाइट लावायला सांगितले. नीलमच्या मेकअपवालीला दम भरला, “नीट कर, यात सगळं दिसतं.” ती बिचारी घाबरून दोन थर जास्त देऊन गेली.

लग्न छान झालं. पाटकर दिवसभर कॅमेऱ्याच्या मागे होते आणि कॅमेरामन पाटकरांना वैतागून त्यांच्या मागे होता. लग्नाला आलेला अभिनव परत जाताना टेपा घेऊन गेला, की तिकडे त्याच्या लॅपटॉपवर तबकडी करतो म्हणून. सगळं कसं आखल्याप्रमाणे.

आणि मग पंधरा दिवसांत भाईंदरहून बातमी आली: काशीनाथकाकांना व्याहीभेटीत शाल मिळाली नाही.

ज्यांचं लग्न व्हायचंय त्यांनी हे समजून घ्यावं. व्याहीभेट म्हणजे मुलीचा बाप आणि मुलाचा बाप यांची सगळ्यांसमोर गळाभेट. मुलीकडचा शाल-श्रीफळ देतो, मुलाकडचाही काही मान ठेवतो. इथे बाप नव्हता, काका होता, म्हणजे तर जास्तच जपायचं. तिथे शाल राहिली म्हणजे बोलायलाच नको.

“राहिली?” पाटकर उडालेच. “मी माझ्या हाताने खांद्यावर घातली! दादरहून खास मागवलेली! उलट त्यांनी मला कसली शाल दिली बघ.” त्यांनी कपाटातून एक तपकिरी शाल काढून हंसाबाईंच्या पुढे आपटली. “ही! पोत्याचं कापड बरं. मी बोललो का काही?”

हंसाबाई शालीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, मी काय म्हणते, ते केबलवर लागतं ना आपलं लग्न, त्या फोटोग्राफरने जाहिरातीसाठी सगळ्या टेपांची कॉपीच दिलीय गुणवंतभाईंना, त्यात मी बघितलं की तुम्ही…”

“केबलवर!” पाटकर म्हणाले. “माझ्या मुलीचं लग्न तू केबलवर बघतेस? काय दिसतं त्यात? डिस्क येऊ दे. त्यात शालीचा धागा न् धागा दिसेल.”

हंसाबाईंनी आणखी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि कुकर लावायला गेल्या.

डिस्क यायला वेळ लागला, कारण मधल्या काळात पाटकरांची बाजू हरली. फेब्रुवारीत एचडी डीव्हीडी काढणाऱ्या मुख्य कंपनीनेच हात वर केले. ब्ल्यू-रे जिंकली. पाटकर दोन दिवस जेवले नाहीत असं म्हणणं खोटं होईल, पण पोळ्या दोनच खाल्ल्या. अभिनव फोनवर म्हणाला, “मामा, सोडा ना, साधी डीव्हीडी करून पाठवतो.” मामा म्हणाले, “मेलेल्या कंपनीची असली तरी क्वालिटी ती क्वालिटी.” अमेरिकेत ती मशीनं आता मातीमोलाने विकायला काढली होती. अभिनवने त्यातलंच एक घेतलं आणि श्रावणात, येणाऱ्या कोणाबरोबर तरी, मशीन आणि तबकडी दोन्ही पाठवून दिली.

पाटकरांनी मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं बोलावली. मशीनला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नारळ फोडला. अभिनवने बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं की हे अमेरिकन करंटवर चालतं, मध्ये ट्रान्सफॉर्मर लावा. पण बॉक्स देव्हाऱ्याखाली पाट म्हणून ठेवला होता आणि ती बाजू भिंतीकडे होती. पाटकरांनी प्लग खोचला, गणपतीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. आतून ‘फट्’ असा आवाज आला आणि उदबत्तीचा नव्हे असा धूर निघाला. शेजारच्या जिग्नाबेनने प्रसाद घेतला आणि म्हणाली, “पण पूजा बहु सरस हती.”

इकडे भाईंदरहून दुसरा निरोप आला. नीलमचा पहिला दिवाळसण तोंडावर आला होता. जावयाला आणि मुलीला बोलवायचं, ओवाळायचं, कोडकौतुक करायचं. हंसाबाईंनी अनारशाचं पीठसुद्धा करून ठेवलं होतं. काशीनाथकाकांनी कळवलं की शालीचं काय ते झाल्याशिवाय आमच्या घरातून कोणी दिवाळसणाला येणार नाही.

नीलमने फोन केला. “बाबा, सॉरी म्हणा ना एकदा. काय जातंय तुमचं?”

“न केलेल्या गोष्टीचं सॉरी? मी पुरावा देईन.”

“मला पुरावा नकोय बाबा. मला घरी यायचंय. सार्थक म्हणतो आपण असेच जाऊ. पण काकांनी त्याला वाढवलंय. मी त्यांना दुखवून कशी येऊ?”

पाटकर फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. मुलगी घरी यावी असं त्यांना आतून फार वाटत होतं. पण आपण चुकलो नाही हे त्याच्याहून जास्त वाटत होतं, आणि या दोन वाटण्यांच्या मध्ये हंसाबाईंचं अनारशाचं पीठ आंबत होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पाटकर पुरावा घेऊन निघाले. पिशवीत एचडी डीव्हीडी आणि तपकिरी शाल. बेत असा, की व्याह्यांच्याच घरी, व्याह्यांच्याच मशीनवर सत्य दाखवायचं, आणि वर त्यांची ती भिकार शाल त्यांना परत करायची. हंसाबाई रिक्षात एवढंच म्हणाल्या, “शाल तरी नका नेऊ.”

“ब्ल्यू-रेवर ही डिस्क चालत नाही ना?” असं एखाद्याने विचारलं असतं तर पाटकरांनीच त्याला तासभर समजावून सांगितलं असतं. पण माणूस रागावला की आपलंच ज्ञान विसरतो, आणि मनात कुठेतरी त्यांना वाटत होतं की नव्या मॉडेलात काहीतरी सोय केली असेलच.

शिवलकरांच्या हॉलमध्ये सगळे बसले. नीलमने पाणी आणलं, आईच्या शेजारी खेटून बसली. सार्थकने डिस्क मशीनमध्ये घातली. मशीनने ती आत घेतली, जरा विचार केला आणि जीभ बाहेर काढावी तशी परत दिली. सार्थकने पुसून पुन्हा घातली. मशीनने पुन्हा बाहेर काढली.

“आमचं मशीनपण म्हणतंय, शाल नाही,” काशीनाथकाका म्हणाले. हसले नाहीत.

पाटकरांचे कान लाल झाले. “मशीन तुमच्याच बाजूचं आहे!”

“काका,” सार्थक हळूच म्हणाला, “गुणवंतभाईंकडे आहे ना आपलं लग्न. माझा एक मित्र सांगत होता, दुपारी लागतं कधीकधी. त्यांना फोन केला तर…”

“नको,” हंसाबाई चटकन म्हणाल्या. “राहू दे. अहो, चला, आपण चहा घेऊन निघू.”

“का नको?” पाटकर उठलेच. “क्वालिटी नसेल, पण शाल तर दिसेल! लावा!” आणि त्यांनी स्वतः फोन फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गुणवंतभाईंकडे फर्माईश केली.

“कौन? अरे पाटकरभाई! वो हंसाबेनवाला शादी?” गुणवंतभाईंचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. “पूरा लगाऊं के खाली बिदाई? हंसाबेन तो हंमेशा बिदाई मांगती है.”

पाटकरांनी बायकोकडे बघितलं. हंसाबाईंनी पदराशी चाळा चालवला होता.

“पूरा. व्याहीभेटसे लगाव.”

“पिक्चर चालू छे, क्लायमॅक्स है. लोग गाली देंगे.”

“लगाव!”

आणि भर रविवारी, मीरा रोडपासून भाईंदरपर्यंत, खलनायकाच्या गळ्याला हात घातलेला नायक गायब झाला आणि त्याच्या जागी हिरवट चेहऱ्याचे आत्माराम पाटकर आले.

पडद्यावर पाटकरांनी शाल उलगडली आणि काशीनाथकाकांच्या खांद्यांवर नीट, दोन्ही बाजू सारख्या करून, घातली. आता पिशवीत होती तीच शाल. तपकिरी.

“हे बघा!” खरे पाटकर ओरडले. “घातली की नाही?”

पडद्यावर कॅमेरामनचा आवाज आला, “सर, फोकस गेला. परत एकदा.” पडद्यावरचे पाटकर म्हणाले, “एक मिनिट हां व्याही, लाइट या बाजूने घेऊ, हे एचडी आहे,” आणि त्यांनी काशीनाथकाकांच्या अंगावरची शाल काढून घेतली. लाइटवाल्याला हात केला. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, बासुंदी कमी पडतेय म्हणून. पाटकरांनी शाल स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि तिकडे गेले. “कॅमेरा बंद करू नकोस,” असं जाता जाता सांगून गेले.

कॅमेरामनने बंद केला नाही. त्यामुळे पुढचंही दिसलं. काशीनाथकाका तसेच उभे, हात किंचित पुढे, मघाशी शाल होती तिथे खांदे जरा वर उचललेले. ते वाट बघत होते. मग खुर्चीवर बसले. पाटकर शाल मिरवत समोरून गेले तसे काका पुन्हा अर्धे उठले. पाटकर न बघताच निघून गेले. काकांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून, आणि सदरा नीट करून खाली बसले.

पाटकरांना भयंकर लाज वाटली. इतकी, की त्यांना टीव्हीतल्या त्या पाटकराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

“तुम्ही… तुम्ही असं का नाही सांगितलंत?” ते कसेबसे म्हणाले. “दिली नाही, एवढंच म्हणत राहिलात.”

“काय सांगायचं होतं?” काशीनाथकाका म्हणाले. “अंगावरची काढून घेतली म्हणून सांगू लोकांना? त्यापेक्षा दिलीच नाही हे बरं.”

पाटकरांनी पिशवीतून शाल काढली. काय काय सुनवायचं ठरवून आणली होती, त्यातलं काही आठवेना. त्यांनी ती काशीनाथकाकांच्या खांद्यांवर घातली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेले. काकांनी त्यांना मध्येच धरलं. दुसऱ्या हाताने मात्र शालीचं टोक घट्ट पकडून ठेवलं होतं.

“माफ करा,” पाटकर म्हणाले.

“आता परत लाइट नको ना?” काकांनी विचारलं. सार्थक फसकन हसला, मग नीलम, मग काकाही. “दिवाळसणाला येतील दोघं. मीपण येतो. अनारसे असतील तर.”

हंसाबाई हसत नव्हत्या. त्या टीव्हीकडे बघत होत्या. गुणवंतभाईंनी सगळंच लावून दिलं होतं आणि आता पाठवणी चालू झाली होती. नीलम आईच्या गळ्यात पडून रडत होती. मग मान वर करून ती इकडेतिकडे बघायला लागली. कोणाला तरी शोधत होती. शोधता शोधता थेट कॅमेऱ्यात बघायची, पुन्हा दुसरीकडे. आणि कॅमेऱ्याच्या मागून पाटकरांचा आवाज येत होता, “नीलम, जरा डावीकडे हो. चेहऱ्यावर लाइट येत नाहीये. अजून डावीकडे.” ती डावीकडे झाली. गाडीत बसली. गाडी गेली. सबंध पाठवणीत पाटकर एकदाही दिसले नाहीत.

“तू हे मागवून बघतेस?” पाटकरांनी हळू आवाजात विचारलं.

“हो,” हंसाबाई म्हणाल्या. “घर खायला उठतं दुपारचं. तिला बघते.”

नीलम चहाचे कप उचलून आत गेली.

निघताना पाटकर शिवलकरांच्या जिन्यावरून एकेक पायरी सावकाश उतरले. खाली रिक्षा मिळाली. हंसाबाई आत बसल्या. पाटकरांनी एक पाय रिक्षात ठेवला आणि मागे पाहिलं. नीलम घरातल्याच गाऊनवर, पायात सार्थकच्या मोठ्या चपला अडकवून, गेटपर्यंत सोडायला आली होती. पाटकरांनी पाय परत काढला. तिच्यापर्यंत गेले आणि तिचं डोकं छातीशी धरलं. ते रडायलाच लागले, चांगले हुंदके देऊन. वॉचमन बघत होता, वरच्या गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या, पाटकरांना त्याचं काही नव्हतं. “बाबा,” नीलम म्हणाली आणि तीही रडायला लागली.

रिक्षावाला थोडा वेळ थांबला, मग त्याने हॉर्न वाजवला. “ओ अंकल, बैठना है के नहीं?”

पाटकरांनी मुलीला न सोडता मान मागे वळवली.

“रुको जरा,” ते म्हणाले. “हमारा लडकी ससुराल जा रहा है.”